प्लास्टिक साऱ्या शहराचे, वेचणारे हात आपलेच का?

सोलापुरात दिवस उजाडायच्या आत खांद्यावर रिकामे पोते टाकून निघणाऱ्या बाईला ओळखायला जातीचा दाखला मागावा लागत नाही. ती आपल्या वस्तीतली असते, शेजारच्या मातंग वस्तीतली असते, नाहीतर गावाबाहेरच्या पालावरची असते. कारखानदाराच्या, हॉटेलवाल्याच्या, मंगल कार्यालयाच्या, बंगल्यातल्या साहेबाच्या घरचे प्लास्टिक शेवटी तिच्याच पोत्यात येते. कोणी तिला मावशी म्हणते, कोणी 'ए बाई' म्हणते, आणि कुत्रे मात्र सर्व गल्ल्यांतली सारखीच अंगावर येतात.

आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर आरक्षणावर बोलले जाते, अत्याचारावर बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. प्लास्टिकचा विषय निघाला की तो पर्यावरणवाल्यांचा, पांढरपेशांचा म्हणून आपण सोडून देतो. हे बरोबर नाही. शहराने फेकलेले कोणी उचलायचे, हा प्रश्न या देशात कधीच नुसत्या स्वच्छतेचा नव्हता. तो आपल्या पूर्वजांच्या पाठीवरून चालत आलेला प्रश्न आहे.

तरीही सुरुवातीला प्लास्टिकची एक बाजू मांडली पाहिजे. प्लास्टिकला शिव्या घालणारे लेख पुष्कळ छापून येतात. ते बहुधा ज्यांच्या घरी चोवीस तास नळाला पाणी असते त्यांनी लिहिलेले असतात. सोलापूरकरांचे तसे नाही. उजनीचे धरण जिल्ह्यातच असून या शहराने वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली. त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीतही एक कोपरा निळ्या पिंपाचा, त्यावर दोन घागरी आणि बाजूला चार कॅन, अशी मांडणी ठरलेली. पितळेचा हंडा रिकामाच जड. तो डोक्यावर घेऊन हापशापासून घरापर्यंत चालणे म्हणजे काय, हे आपल्या आयांच्या मानेला आणि कमरेला विचारावे. प्लास्टिकची घागर आली आणि निदान भांड्याचे वजन तरी डोक्यावरून उतरले. ती पडली तर फुटत नाही, पोचत नाही, कल्हई मागत नाही, आणि गहाण टाकायच्या किमतीची नसल्यामुळे सावकाराच्या घरीही जात नाही.

भांड्यालासुद्धा या देशात जात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातील झनू गावची हकीकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी भरू लागल्या. सवर्णांना तो आपला अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. पाणवठा वेगळा, आणि पाणी कशात भरायचे हेही तेच ठरवणार! प्लास्टिकच्या घागरीवर असा हक्क कोणी सांगितला नाही. तीस-चाळीस वर्षे पाणी भरणाऱ्या बाईने तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोलले तर त्यात गैर काही नाही.

(एक सूचना इथेच. बाजारात वापरलेली जुनी निळी पिंपे स्वस्तात मिळतात. त्यांत आधी रंग होता, आम्ल होते की खाण्याचा पदार्थ होता, हे विचारल्याशिवाय पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नयेत. रसायनाचे पिंप कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले सर्व निघत नाही. शिवाय पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे व त्यावर झाकण असावे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.)

दोष घागरीचा नाही. घागर दहा वर्षे टिकते आणि फुटली तरी भंगारवाला घेतो. दोष आहे तो दहा मिनिटे वापरून फेकायच्या वस्तूंचा. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, कच्चा माल मुबलक झाला आणि कागदाची पुडी, पानाचा द्रोण, कापडी पिशवी एकेक करून मागे पडली. एक रुपयाचा शाम्पू, गुटख्याची पुडी, चिप्सचे पाकीट, पाण्याचा पाऊच हे सर्व गरिबाला परवडावे म्हणून लहान केले असे सांगतात. गरिबाच्या खिशातला रुपया मिळाला. रिकामी पुडी मात्र गरिबाच्याच वस्तीतल्या गटारात राहिली.

जगाचा हिशेबही थक्क करणारा आहे. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातला जो कचरा झाला, त्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला. आपल्या देशात पुष्कळसे प्लास्टिक परत वापरात येते. ते कोणत्या यंत्रामुळे येते? पोते घेतलेल्या बाईमुळे.

भंगारातली वर्णव्यवस्था

भंगाराच्या दुकानात प्लास्टिकचीही वर्णव्यवस्था पाहायला मिळते. पाण्याची पारदर्शक बाटली वरच्या पायरीवर. ती कोणत्याही कंपनीची असो, धंद्यात तिला 'बिसलेरी'च म्हणतात. तिच्यापासून धागा निघतो आणि तो उशीत, ब्लँकेटमध्ये, कपड्यात जातो. दुधाची पिशवी, तेलाचा कॅन, बादली, खुर्ची यांनाही भाव आहे. निवडलेला माल दळायचा, धुवायचा, वितळवून शेवयांसारख्या दोऱ्या काढायच्या, त्या पाण्यात थंड करून बारीक कापायच्या. याला 'दाणा' म्हणतात. या दाण्यापासून पुन्हा पाइप, बादल्या, चपला होतात. घाणीने बरबटलेली पातळ पिशवी खालच्या पायरीवर. आणि सगळ्यांत खाली, ज्याला भंगारवाला हातही लावत नाही असे, चकचकीत पाकीट. त्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर वेगळे होत नाहीत, म्हणून त्याचा चांगला दाणा होत नाही. बाई ते उचलत नाही, कारण पोत्याचे ओझे वाढते आणि पैसा मिळत नाही. ते गटारात जाते, नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते.

या सर्व साखळीत पहिले आणि सर्वांत घाण काम वेचणारीचे, आणि सर्वांत कमी पैसाही तिचाच. भाव कोण ठरवतो हे तिला कळत नाही. खनिज तेल स्वस्त झाले की नवा दाणा स्वस्त होतो आणि तिच्या पोत्याचा भाव उतरतो. २००८ च्या जागतिक मंदीत भंगाराचे भाव असेच कोसळले. अमेरिकेतली बँक बुडते आणि सोलापूर-पुण्यातल्या बाईच्या चुलीवरचे कालवण पातळ होते, असा हा धंदा आहे.

सरकारी कार्यक्रमांतून आता ऐकवले जाते की कचरा ही संपत्ती आहे, कचऱ्यातून सोने निघते. हे ऐकले की बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात सांगितलेली गोष्ट आठवते. महारांनी मेलेली ढोरे ओढणे सोडावे असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हा 'केसरी'तून हिशेब मांडण्यात आला होता. गावात वर्षाला इतकी जनावरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खुरे, हाडे यांचे पाचशे रुपये होतात, ते उत्पन्न हे लोक का बुडवतात, असा त्याचा सूर. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते. फायदा इतका मोठा असेल तर हे काम तुम्ही करा, तो पैसा तुम्हीच घ्या, वर मी पदरचे पाचशे देतो.

आजच्या सोन्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हेच उत्तर लागू पडते. कचऱ्यात सोने असेल तर आपल्याच बायांनी ते का शोधावे? महाडला मार्च १९२७ मध्ये मृत मांस आणि शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितले गेले, मग महार वतनाविरुद्ध लढा झाला, आणि १९५६ साली धर्मच बदलला. गाव सोडून शहरात आलो ते असल्या कामापासून सुटका व्हावी म्हणून. शहराने ढोराऐवजी प्लास्टिक दिले.

पण हे एवढे बोलून थांबता येत नाही. जिच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची आहे तिला उद्यापासून पोते टाकून दे म्हणणे सोपे आहे. तिला दुसरे काम कोण देणार? गिरण्या गेल्या, यंत्रमागावर बायांना जागा कमी, विड्या वळून बोटे झिजतात. यावर व्याख्याने देणारे पुष्कळ भेटतात. सोलापूरशीच नाते असलेल्या काही बायांनी व्याख्यानांपेक्षा वेगळे काही करून दाखवले आहे, ते पाहू.

दुष्काळाने नेले, संघटनेने उभे केले

१९७२ चा दुष्काळ सोलापूर आणि मराठवाडा विसरणार नाही. खडी फोडून आणि सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती त्यांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. पुण्यात झोपडी पडली, पण गावच्या शेतमजूर बाईला शहरात काम कोण देणार? धुणीभांडी करायला ठेवताना घरची मालकीण आधी जात विचारायची. कचऱ्याच्या कुंडीला मात्र जात विचारता येत नव्हती. अशा रीतीने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांची एक पिढी पुण्यात तयार झाली.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने आणि त्यांचे सहकारी या बायांमध्ये काम करू लागले. बायांचे पहिले मागणे साधे होते. कुंडीत हात घालण्यापेक्षा घरातूनच कोरडा कचरा वेगळा मिळू द्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. हे तेच बाबा आढाव, ज्यांनी सत्तरच्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम चालवली. पाणवठ्यावरून सुरू झालेली वाट कचरा कुंडीपर्यंत आली, हा काही योगायोग नव्हे.

पंचायतीने पहिली गोष्ट केली ती ओळखपत्राची. पुणे महापालिकेची मान्यता असलेले कार्ड गळ्यात आले आणि पोलिसाला 'चोर' म्हणताना दोनदा विचार करावा लागू लागला. मग पतसंस्था, सावकारापासून सुटका, मुलांसाठी वह्या, महापालिकेकडून आरोग्य विमा, भंगाराचे स्वतःचे दुकान. २००७-०८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. महापालिकेशी करार झाला. घरोघर जाऊन वेगळा केलेला कचरा घ्यायचा, घरटी ठरलेले मासिक शुल्क घ्यायचे आणि विकण्याजोगा माल स्वतः विकायचा. कुंडीत वाकणारी बाई दारात उभी राहिली. फरक लहान वाटतो, पण ज्या बाईने वीस वर्षे कुंडीत मान घातली तिला तो लहान वाटणार नाही.

याच बायांनी २०१३ साली आणखी एक गोष्ट केली. वापरलेले सॅनिटरी पॅड हातात घ्यावे लागतात, हे त्यांचे सर्वांत मोठे दुःख. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, असे सांगून दाद मिळेना, तेव्हा त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून त्या कंपन्यांनाच परत पाठवले. बाबासाहेबांच्या पाचशे रुपयांच्या उत्तराची ही पुढची आवृत्ती म्हणायला हरकत नाही. वाचक भगिनींनो, आपल्या घरातला पॅड आपण कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळा देतो का? उचलणारी आपलीच बहीण आहे.

सर्व काही साधले आहे असे नाही. ठेकेदार नेमायचे की या बायांनाच काम द्यायचे, ही ओढाताण पुण्यात पुन्हा पुन्हा झाली आहे. मोठ्या गाड्या, मोठी यंत्रे, मोठी टेंडरे आली की पहिल्यांदा हातपोते हद्दपार होते. सोलापुरातही महापालिकेच्या घंटागाड्या आल्या, तुळजापूर रस्त्यावर भोगावच्या बाजूला कचरा डेपो आहे, तिथे ओल्या कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्पही उभारला गेला. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक मिसळले की असा प्रकल्प अडखळतो, म्हणजे निवडणारे हात तिथेही लागतातच. मग त्या हातांची नोंद, ओळखपत्र, हातमोजे, बूट, पाणी आणि निवडायला छप्पर हे महापालिकेकडे मागायला नको का? २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकांची नोंद करून त्यांना या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी नगरपालिका-महापालिकांवर टाकली. जून २०२४ पासून केंद्राच्या 'नमस्ते' योजनेतही गटार-सफाई कामगारांबरोबर कचरावेचकांचा समावेश झाला आणि त्यांची गणना, सुरक्षा साहित्य, आरोग्य विमा यांची तरतूद झाली. गणनेत नाव लागले नाही तर यातले काहीच दारात येत नाही.

कायद्याबद्दल दोन शब्द. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईची गटारे तुंबली, तेव्हा पातळ पिशव्यांवर बोट ठेवले गेले आणि राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना बंदी केली. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलवर मोठी बंदी आणली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तुरुंग. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, चमचे, प्लेटा यांच्यावर देशभर बंदी झाली. हेतू चांगला. पण पाच हजारांची पावती फाडताना आधी सापडते कोण? मंडईतली भाजीवाली आणि हातगाडीवरचा भजीवाला. चिप्सचे पाकीट दुकानात दिमाखात लटकतच राहिले. त्या पाकिटांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियम केला की जो बनवतो, विकतो त्यानेच तेवढे प्लास्टिक गोळा करण्याची व्यवस्था करावी. कंपनीचा तो पैसा वेचणाऱ्या बाईच्या हाती पडेल का, हा खरा प्रश्न आहे. जगभरातल्या देशांनी प्लास्टिकबद्दल करार करायचे मार्च २०२२ मध्ये ठरवले. त्या बैठकांत कचरावेचकांचे प्रतिनिधीही आपले म्हणणे मांडत होते. ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची बैठकही कराराविना उठली.

आपल्या घरात, आपल्या जयंतीत

दुसऱ्यांना बोलताना आपलेही पाहावे. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सोलापूरच्या रस्त्यांवर निळा सागर लोटतो, ऊर भरून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यांवर पाण्याचे पाऊच, जेवणाच्या प्लेटा आणि पायदळी आलेले प्लास्टिकचे पंचशील ध्वज पडलेले असतात. ते झाडणारा सफाई कामगार पुष्कळदा आपलाच बंधू असतो, आणि ध्वज पोत्यात भरताना त्याच्या मनाला काय वाटत असेल! ध्वज कापडाचा असावा. थर्माकोलचे चैत्य आणि स्तूप करण्यापेक्षा बांबू आणि कापड वापरावे. भोजनदान करणाऱ्या मंडळांनी स्टीलची ताटे-पेले एकदाच विकत घ्यावीत, विहारात ठेवावीत आणि लग्नकार्याला वस्तीतल्यांना द्यावीत. मंडपवाल्याचे भाडे वाचेल ते निराळेच.

घरातली एक गोष्ट मात्र आजपासून बंद व्हायला हवी. पहाटे अंघोळीचा बंब पेटवताना लाकडाला धग लागावी म्हणून आपण पिशवी, चपलेचा तुकडा, फाटके रेक्झिन खाली सारतो. चटकन पेटते खरे. पण रेक्झिन, वायरचे वेष्टन आणि काही पाइप ज्या प्लास्टिकचे असतात त्यात क्लोरीन असते. ते जळताना घसा जाळणारा वायू आणि डायॉक्सिन नावाचे विष निघते. कुठलेही प्लास्टिक जळताना निघणारा काळा धूर छातीत जातो आणि बंबाजवळ बसलेल्या आईच्या व लहान मुलांच्या वाट्याला तो सर्वांत जास्त येतो. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्या पोरांनाही कोणीतरी थांबवले पाहिजे. बंबाला जुना कागद, नारळाची शेंडी, भुसा चालतो. गरम आमटी किंवा रस्सा पातळ पिशवीत आणू नये, घरून डबा न्यावा. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, कारण तो चिमुकला तुकडा कोणालाच वेचता येत नाही. पिशवी विसळून, वाळवून साठवली तर वेचणाऱ्या बाईच्या हाताला घाण लागत नाही आणि तिला भावही बरा मिळतो.

आणि आता मुलांविषयी. आईने पोते उचलले ते पोट भरण्यासाठी. पोराच्या खांद्यावर ते जाता कामा नये. कचरावेचकांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. सफाईशी निगडित व आरोग्याला धोका असलेल्या व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठीची जी केंद्राची योजना आहे, तिच्यात कचरावेचकही येतात. घरी राहून शिकणाऱ्याला वर्षाला ३,५०० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ८,००० रुपये. तिला जातीची अट नाही आणि उत्पन्नाची मर्यादाही नाही. आई किंवा वडील हे काम करतात असा स्थानिक संस्थेचा, म्हणजे शहरात महापालिकेचा, दाखला लागतो. पुष्कळ बाया लाजेने हा दाखला मागत नाहीत, शाळेत मुलाला चिडवतील म्हणून भितात. ही भीती खोटी नाही. म्हणून शाळा सुरू होताच पहिल्या महिन्यात एखाद्या जाणत्या माणसाने सोबत जाऊन मुख्याध्यापकांशी खाजगीत बोलावे, मुलाच्या नावाने बँकेत खाते उघडावे, आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी तासभर बसून वस्तीतल्या अशा घरांचे अर्ज भरून द्यावेत.